लोड घेऊ नकोस!

एप्रिल महिना, दुपारचा एक. वर्सोवा पुलाच्या अलीकडे गाड्यांची ही भलीमोठी रांग. पुढे ट्रेलर, मागे टँकर, खाडीवरून येणारा गरम वारा आणि या सगळ्यांच्या मधे माझी छोटीशी हॅचबॅक. स्टिअरिंगवर मी, शेजारच्या सीटवर बाबा. एसी चालू. म्हणजे चालू राहायचा प्रयत्न करतोय!

बॉनेटमधून ‘टक्’ असा आवाज आला आणि आरपीएमची सुई आठशेवरून धाडकन सहाशेच्या खाली. स्टिअरिंग थरथरायला लागलं. डॅशबोर्डवरचा गणपती मान डोलवायला लागला. आरसा असा काही हलत होता की मागचा एक टँकर मला तीन दिसत होता. घर्रर्र... घर्रर्र... आता बंद पडते की मग? मी घाबरून रेस दिली. तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला आणि एसीचं बटण दाबून टाकलं. गाडी एकदम शहाण्या मुलासारखी गप्प. एका मिनिटात माझ्या पाठीवरून घामाची धार सुरू.

‘राहू दे,’ बाबा म्हणाले. म्हणजे म्हणाले असं आपण म्हणायचं. आवाज निघालाच नाही, नुसते ओठ हलले.

बाबांच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली होती. ‘लवकर सापडलीय, काळजी करू नका’ असं डॉक्टर म्हणाले होते, पण रेडिएशनची तीस सिटिंग्ज घ्यायची होती. सोमवार ते शुक्रवार, सलग सहा आठवडे. हॉस्पिटल खाडीच्या पलीकडे आणि आम्ही वसईत. लोकलने जायचं तर विरार लोकलची गर्दी तुम्हाला मी काय सांगायची? घसा भाजल्यासारखा झालेला माणूस त्या गर्दीत घालायचा नाही, एवढं मी ठरवून टाकलं. ‘माझी गाडी आहे ना! आपण मस्त एसीत जाऊ, बाबा. लोड घेऊ नका.’

असं मी मार्चमध्ये म्हणाले होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मस्त एसीचा हा असा पोपट झाला.

चालत्या गाडीत गारवा, उभ्या गाडीत घाम

गाडीची ओळख करून देते. एमएच-४८, सेकंडहँड, एक हजार सीसी, तीन सिलिंडर, सीएनजी किटवाली. फ्रीलान्सिंग सुरू केल्यावर ‘असाइनमेंटला उपयोगी पडेल’ असं स्वतःलाच पटवून घेतलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण बिचाऱ्या कंपनीचा यात काही दोष नव्हता.

तक्रार अशी होती. गाडी पळत असली की सगळं छान, एसी एकदम थंडगार. सिग्नलला किंवा जॅममध्ये थांबलं की इंजिन अंगात आल्यासारखं थरथरायचं आणि पाच मिनिटांत एसीतून कोमट वारा यायचा. एसी बंद केला की पुन्हा सगळं ठीक. आता वसईहून मुंबईकडे रोज गाडीने जाणाऱ्याला मी काय सांगतेय ते बरोबर कळेल. गोखिवरे, रेंज ऑफिस, सातिवली, वसई फाटा, मग हायवे आणि शेवटी पूल. या रस्त्यावर गाडी पळते कमी आणि उभी जास्त असते. २०२३ मध्ये वर्सोव्याचा नवा पूल सुरू झाला तेव्हा वाटलं होतं, सुटलो! मग २०२४ मध्ये हायवेवर काँक्रीटचा थर द्यायचं काम निघालं आणि तासन् तास अडकून राहायची सवय पुन्हा लागली. ती धूळ लक्षात ठेवा. या गोष्टीत ती नंतर परत येणार आहे.

बाबांचं एक वेगळंच प्रकरण होतं. ते एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. आयुष्य लाल डब्यात गेलं. जुन्या गाड्यांमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसलेलं असायचं. वर लोखंडी झाकण, त्यावर रेक्झिन, आणि एप्रिल-मेमध्ये त्या झाकणावर हात ठेवायची सोय नाही. अशी तीस वर्षं काढलेल्या माणसाला एसी म्हणजे चैन. ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांना १ ऑक्टोबर २०२५ पासून ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एसी द्यावाच लागेल, असा नियम झालाय हे मी त्यांना पेपरमधून वाचून दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले होते. मग हळूच म्हणाले, ‘चांगलं झालं.’

आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या शेजारी पॅसेंजर म्हणून बसत होते. मी ब्रेक दाबायच्या आधी त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला जायचा. आणि इंजिन थरथरायला लागलं की त्यांचा हात एसीच्या बटणाकडे जायचा. मी लावायची, ते बंद करायचे. हा खेळ रोज. एसीचा त्रास होतो म्हणून नाही, गाडी पुलावर बंद पडली तर पोरगी एकटी काय करणार, या काळजीने. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलेलं, त्यामुळे भांडणही धड होत नव्हतं. ते घाम पुसत बसायचे आणि मी मनातल्या मनात चरफडत.

दहाव्या सिटिंगच्या दिवशी गाडी खरंच बंद पडली. पुलाच्या तोंडाशीच. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. मी चावी फिरवतेय आणि बाबा खाली उतरून, त्या उन्हात, गळ्याभोवती ओला रुमाल गुंडाळून मागच्या गाड्यांना हात दाखवतायत. तिसऱ्या प्रयत्नात चालू झाली. त्या दिवशी हॉस्पिटलला पोचेपर्यंत आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही. ठरवलं, आता याचा निकाल लावायचाच.

‘मॅडम, गॅस कम है’

मास कॉमला मला कॅमेरा शिकवला, लेआउट शिकवला, मीडिया लॉ शिकवला. बॉनेट उघडायला कुणी शिकवलं नाही. त्यामुळे पहिल्या गॅरेजमध्ये मी जे सांगतील त्याला मान डोलावली.

‘मॅडम, गॅस कम है.’ माणसाने पाइपला हात लावला आणि निदान झालं! अर्ध्या तासात गॅस भरला, पैसे घेतले, पावती नाही. दुसऱ्या दिवशी एसी हायवेवर सॉलिड थंड. मी खूश. वसई फाट्याचा सिग्नल लागला आणि इंजिन आधीपेक्षा जास्त थरथरलं. बोंबला!

दुसऱ्या गॅरेजने थेट कॉम्प्रेसर बदलायला सांगितला. वीस हजार. तिथे मी प्रश्न विचारले तर उत्तरं बाबांकडे बघून दिली जात होती. बाबांना बोलायला मनाई आणि बोलणारी मी त्यांना दिसत नाही, असा तो कॉमेडी सीन होता. वीस हजार ऐकून मी तिथून सटकले. फ्रीलान्सरला वीस हजार म्हणजे किती लेख, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, आणि त्यातले निम्मे चेक अजून यायचे आहेत!

मग ऑफिसातून, बिल्डिंगमधून, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून सल्ले. एक म्हणाला, इंजिन गेलं, विकून टाक. दुसरा म्हणाला, ई-२० पेट्रोलचा प्रताप. (माझी गाडी बहुतेक वेळ सीएनजीवर चालते हे त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, मग सीएनजीचा प्रताप!) तिसऱ्याचं म्हणणं, तीन सिलिंडरच्या गाड्या अशाच असतात, चालतं.

गंमत म्हणजे या तिसऱ्याच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं. तीन सिलिंडरचं इंजिन चार सिलिंडरच्या इंजिनइतकं मुळातच संथ फिरत नाही, उभ्या गाडीत थोडी थरथर जाणवतेच. पण ‘थोडी’ आणि ‘टँकर तीन दिसतात’ यात फरक आहे ना?

वालीवचे काका

शेवटी बाबांनी वहीत एक पत्ता लिहून दिला. वालीवला एक जुनं गॅरेज, एसटीतल्या कुणाच्या तरी ओळखीचं. आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. त्यांनी लिहिलं, ‘तू विचारलं नाहीस.’ घ्या!

काका साठीचे. मी बॉनेटचा खटका ओढायला गेले तर म्हणाले, ‘थांबा ताई, आधी सांगा. बोलून घेऊ, मग उघडू.’ आणि प्रश्न सुरू. थरथर फक्त एसी लावल्यावरच होते की एसीशिवायही थोडी होते? थंड इंजिनला की गरम? पेट्रोलवर पण होते की नुसती सीएनजीवर? गाडी पळताना गारवा असतो? थांबल्यावर किती वेळाने जातो? प्लग कधी बदलले? बाप रे, एवढे प्रश्न तर बाबांच्या पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी विचारले होते.

मग त्यांनी मला इंजिनजवळ उभं करून सगळं समजावलं. बाबांना नाही, मला. आता मी तुम्हाला सांगते.

गाडीचा एसी विजेवर चालतो असं मला वाटायचं. पंखा विजेवर चालतो, पण खरं काम करतो तो कॉम्प्रेसर, आणि तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. म्हणजे तुम्ही एसीचं बटण दाबता तेव्हा इंजिनच्या खांद्यावर आणखी एक पोतं ठेवता. लहान गाडीत ते पोतं साधारण दोन-तीन हॉर्सपॉवरचं. रस्त्यावर पळताना इंजिनकडे ताकद भरपूर असते, त्याला ते जाणवतही नाही. पण सिग्नलला उभ्या गाडीत इंजिन नुसतं जिवंत राहण्यापुरतं फिरत असतं. यालाच गॅरेजवाले आयडलिंग म्हणतात. अगदी थोडी हवा, अगदी थोडं इंधन. अशा वेळी अचानक पोतं टाकलं तर ते धडपडणारच.

मग सगळ्याच गाड्या का धडपडत नाहीत? कारण सांगायची पद्धत असते! तुम्ही बटण दाबलं की कॉम्प्रेसर लगेच चालू होत नाही. बटणाचा निरोप आधी गाडीच्या कॉम्प्युटरकडे, म्हणजे ईसीयूकडे जातो. तो इंजिनला थोडी जास्त हवा आणि जास्त इंधन देतो, आयडलिंग जरा वर चढवतो आणि मगच तो ‘टक्’ आवाज होऊन कॉम्प्रेसर जोडला जातो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणून चांगल्या गाडीत सुई क्षणभर डुगडुगते आणि पुन्हा जागेवर येते, कधी पहिल्यापेक्षा थोडी वरच. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांमध्ये हेच काम व्हॅक्यूमवर चालणारी एक छोटीशी डबी करायची. २००० साली प्रदूषणाचे कडक नियम देशभर लागू झाले, कार्ब्युरेटर मागे पडले आणि हे काम कॉम्प्युटरकडे गेलं.

(घरी येऊन मी आणखी वाचलं. १९४० च्या मॉडेलमध्ये पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने गाडीत पहिल्यांदा एसी द्यायला सुरुवात केली, तेव्हा कॉम्प्रेसर जोडायची-सोडायची सोयच नव्हती. एसी नको असेल तर गाडी थांबवा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा! बाबांना हे फार आवडलं.)

‘मग माझ्या गाडीत निरोप जात नाही का?’ मी विचारलं.

‘जातो,’ काका म्हणाले, ‘पण इंजिनकडे द्यायला काही शिल्लक नाही.’

चार छोटी दुखणी

काकांनी स्कॅनर लावला, बॉनेट उघडलं, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एसी चालू केला आणि पुढच्या जाळीकडे बोट दाखवलं. ‘पंखा बघा.’

पंखा हलतच नव्हता!

एसीतला गरम झालेला गॅस गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये थंड होतो. गाडी पळत असेल तर समोरचा वारा ते काम फुकट करतो. उभ्या गाडीत पंख्याने करायचं असतं. माझ्या गाडीच्या पंख्याची मोटर गेलेली, आणि कंडेन्सरच्या बारीक पट्ट्यांत हायवेच्या कामाची ती धूळ सिमेंटसारखी बसलेली. गाडी थांबली की गॅस थंड होईना, दाब वाढत जाई, कॉम्प्रेसर फिरवायला आणखी जड होई. म्हणूनच चालत्या गाडीत गारवा आणि उभ्या गाडीत घाम.

त्यावर पहिल्या गॅरेजने गॅस भरून ठेवलेला. गॅस अंदाजाने भरायचा नसतो, वजनाने भरायचा असतो, हे मला तिथे कळलं. आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो, लहान गाडीत साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅमच्या दरम्यान. माझ्या गाडीतला गॅस मशीनने बाहेर काढून मोजला तर स्टिकरपेक्षा जास्त भरला. जास्त गॅस म्हणजे जास्त दाब, म्हणजे इंजिनवर जास्त बोजा. मला वाटत होतं जास्त गॅस म्हणजे जास्त थंडी!

तिसरं दुखणं थ्रॉटल बॉडीचं. इंजिनमध्ये हवा जिथून जाते त्या झडपेभोवती काळा कार्बन साचलेला. मोठ्या श्वासाला अडचण नाही, पण आयडलिंगच्या बारीक श्वासाला पुरेशी वाट नाही. चौथं दुखणं म्हणजे स्पार्क प्लग. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त जोराची ठिणगी लागते. प्लग झिजले की पेट्रोलवर खपून जातं, सीएनजीवर लगेच उघडं पडतं. शिवाय सीएनजीवर इंजिनची ताकद मुळातच थोडी कमी असते, कारण सिलिंडरमध्ये हवेची काही जागा गॅसच घेतो. काकांनी गाडी पेट्रोलवर टाकून दाखवली तर थरथर निम्मी झाली!

कॉम्प्रेसर मात्र ठणठणीत होता. वीस हजार वाचले.

पंख्याची नवी मोटर, कंडेन्सर पाण्याने हलक्या हाताने धुतला, थ्रॉटल बॉडी साफ, नवे प्लग, गॅस मोजून. सगळं झाल्यावर ईसीयूला नव्या आयडलिंगची ओळख करून दिली. एक दिवस आणि कॉम्प्रेसरच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी पैसे. आधीच्या गॅरेजवाल्यांनी एसीवाला म्हणून एसीकडे बघितलं होतं. काकांनी गाडीकडे बघितलं.

निघताना काका म्हणाले, ‘ताई, एसीने गाडी बिघडवली नाही हां. गाडी आधीच थकलेली होती. एसीने फक्त दाखवून दिलं.’

तुमच्या गाडीचं काय?

पार्किंगमध्ये करून बघण्यासारख्या दोन-चार गोष्टी सांगते, म्हणजे तुमचा माझ्यासारखा पोपट व्हायला नको. जागा मोकळी हवी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो.

गाडी गरम झाली की न्यूट्रल, हँडब्रेक, एसी चालू. सुई क्षणभर पडून सावरली तर उत्तम. पडून तिथेच राहिली, किंवा खाली-वर खाली-वर करत राहिली, तर थ्रॉटल बॉडी आणि प्लगपासून सुरुवात करायला सांगा. बॉनेट उघडून पुढचा पंखा बघा (ओढणी, केस, हात लांब!), एसी लावल्यावर थोड्या वेळात तो फिरायला हवा. थरथर एसीशिवायही असेल पण सुई स्थिर असेल, तर इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ती तपासा. गॅरेजवाले त्यांना फाउंडेशन म्हणतात. सीएनजी असेल तर एकदा पेट्रोलवर टाकून फरक बघा. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर मात्र प्रयोग बंद. इंजिन मिसिंग करतंय, लांब पळवू नका, नाहीतर सायलेन्सरच्या वाटेवरचा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाईल. आणि ‘गॅस कमी आहे’ असं पाइपला हात लावून कुणी सांगितलं, तर हसून विचारा, ‘किती ग्रॅम?’

आधी सांगायचं

त्या रात्री मला झोप लागली नाही. काकांचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना.

बाबांचा आवाज आदल्या नोव्हेंबरपासून बसलेला होता. थंड पाणी प्यायलं असेल, धूळ असेल, वय झालं, अशी कारणं देऊन आम्ही सगळेच मोकळे. फोनवर ते दोन वाक्यं बोलायचे आणि ‘घे, आईशी बोल’ म्हणून द्यायचे. मी कामात, मला वाटायचं, बाबा पहिल्यापासून कमीच बोलतात. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवायचंच, आणि तीस वर्षं बिड्या ओढलेल्या माणसाने तर नक्कीच, हे मला नंतर कळलं. बाबांनी तीन महिने काढले. का, तर माझं नुकतंच फ्रीलान्सिंग सुरू झालेलं, पोरीला आणखी ताप नको. मी विचारलं की म्हणायचे, ‘लोड घेऊ नकोस.’ हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचललेला.

आणि मी? मार्चपासून मी एकही असाइनमेंट नाकारली नव्हती. सकाळी हॉस्पिटल, रात्री लेख, मधे आईला ‘सगळं झकास आहे’ असं सांगायचं. घरी बाबांसाठी पेज, मऊ भात, ताक आणि माझ्यासाठी उभ्या-उभ्या वडापाव. आठवडाभर आधी एका संपादकाने साधं विचारलं, ‘कॉपी कधी देतेयस?’ आणि मी फोनवर रडायला लागले. त्या बिचाऱ्याला वाटलं आपण काहीतरी भयंकर बोललो. तो फक्त एसीचं बटण होता!

आमच्या घरात निरोप पाठवायची पद्धतच नव्हती. सगळे एकमेकांना ‘लोड घेऊ नकोस’ म्हणायचे आणि सगळे गुपचूप घ्यायचे. लोड आल्याने बिघडत नाही हो. सांगून आला तर इंजिन स्वतःहून थोडं वर चढतं, जागा करतं. न सांगता आला की धडपडतं.

सकाळी मी तीन फोन केले. एका संपादकाला सांगितलं, मे महिन्यात दोनच लेख देईन, वडलांची ट्रीटमेंट आहे. तो म्हणाला, ‘आधी बोलायचं ना!’ पुण्याच्या मावसभावाला सांगितलं, आठवड्यातून एक दिवस तू ये आणि गाडी चालव. तो शुक्रवारचा यायला लागला. आणि आईला सांगितलं, मला भीती वाटतेय. आई म्हणाली, ‘मला पण.’ मग आम्ही दोघींनी चहा घेतला. एवढंच, पण खूप बरं वाटलं.

बाबांशीही करार झाला. दुखलं, गिळता आलं नाही, चक्कर आली, तर पुलावर पोचल्यावर नाही, घरातून निघतानाच सांगायचं. बोलता येत नसेल तर वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, ‘काही नाही.’ दुसऱ्या दिवशी, ‘काही नाही.’ तिसऱ्या दिवशी जरा वेळ पेन धरून बसले आणि लिहिलं, ‘रात्री पाणी पण गेलं नाही. घाबरलो.’ मी ते पान हॉस्पिटलमध्ये तसंच्या तसं दाखवलं. डॉक्टरांनी औषध बदललं आणि दोन दिवसांत ते मऊ भात खायला लागले.

शेवटच्या सिटिंगला आम्ही जरा चैन केली. वसई किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो बोट फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालीय. इतके दिवस आमची वेळ जुळत नव्हती, त्या दिवशी लवकर निघालो. गाडी बोटीत चढवली, इंजिन बंद केलं आणि पंधराएक मिनिटं खाडीवरचा वारा खात उभे राहिलो. बाबा कठड्याला टेकून आमच्या नेहमीच्या पुलाच्या दिशेने बघत होते. बहुतेक तिथल्या ड्रायव्हर लोकांची कीव करत असतील.

परतताना मात्र हायवेनेच आलो, आणि पुलाजवळ रांग होतीच. ऊन तसंच, ट्रेलर तसाच. मी मुद्दाम एसी लावला नव्हता. बाबांनी जरा वाट बघितली आणि हात पुढे करून बटण दाबलं. टक्. दोघांचीही नजर सुईवर. जराशी हलली, सावरली, पहिल्यापेक्षा थोडी वर जाऊन थांबली. डॅशबोर्डवरचा गणपती स्वस्थ. बाबा कान देऊन ऐकत राहिले, तीस वर्षं ज्या कानांनी इंजिनं ऐकली त्याच कानांनी.

‘मिसिंग नाही,’ ते म्हणाले. घोगरा, फाटका, पण आवाज होता.

बाबांची पुढची तपासणी दर दोन महिन्यांनी आहे. गाडीचे प्लग आणि थ्रॉटल बॉडीची तारीखही मी त्याच कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. खाली आईने तिच्या ब्लडप्रेशरची तारीख लिहिलीय, कुणी विचारायच्या आधीच.